फ्रिजातला डबा

आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात एक बातमी निघाली, की सुंदरम्मा कलशेट्टी दारू पिते.

बातमीचं असं असतं, घरातून निघताना ती अनवाणी असते आणि चौकात पोचेपर्यंत तिच्या पायात चपला आलेल्या असतात, हातात छत्री. ही बातमी गल्लीच्या तोंडाशी होती तेव्हा नुसती 'पिते' एवढीच होती. किराणा दुकानापाशी तिला फ्रिज मिळाला: सुंदरम्माच्या फ्रिजात म्हणे दह्याच्या मागं दारूचे डबे रचून ठेवलेत. पिठाच्या गिरणीत तिला वेळ मिळाली: संध्याकाळचा दिवा लावला की एक डबा फुटतो. अशोक चौकात पोचली तेव्हा पुण्याची लेक खोक्याखोक्यानं माल पाठवत होती आणि डबा संपला की सुंदरम्मा कानडी गाणी म्हणत होती. ते गाणं ऐकलेला माणूस मला अजून भेटायचाय. पण ते कानडीच होतं, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

मीही ही बातमी जितक्या ठिकाणी ऐकली त्याहून एका जास्त ठिकाणी सांगितली. अशी बातमी रोज येत नाही. आमच्याकडं पिणाऱ्याची बातमी होत नाही, न पिणाऱ्याची होते.

आणि न पिणाऱ्यांत सुंदरम्मा म्हणजे अगदी वरच्या रांगेतली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. जे काही खायचं-प्यायचं ते आधी लिंगाला दाखवायचं, मग तोंडात. सोमवारी तिच्या घरात कांदासुद्धा चिरला जात नाही. जन्म अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, जिथं शाळा मराठीत भरते आणि भांडण कानडीत होतं. लग्न होऊन सोलापुरात आली ती शिवपुत्र कलशेट्टीची बायको म्हणून. शिवपुत्र अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचा. भला माणूस होता, छाती दुखतीय म्हणून बसला तो उठलाच नाही. लेक दानेश्वरी तेव्हा पहिलीत. मालकानं सुंदरम्माला माल तपासायच्या टेबलावर घेतलं, आणि त्या टेबलावर तिनं पुढची सगळी नोकरी काढली.

तिचा टॉवेल तपासायचा थाट मी पाहिलाय. टॉवेल हातात आला की आधी उजेडाकडं धरायचा. मग कडेवरून अंगठा फिरवायचा. मग पालथा घालून पुन्हा तेच. आणि मग एकच शब्द: पास, किंवा नापास. त्यावर वाद नाही. एकदा तर मालकाच्या मेव्हण्यानं स्वतः विणून घेतलेला नमुना तिनं नापास केला होता. कामगार पाठीमागं तिला 'सासू' म्हणायचे. तोंडावर 'बाई'.

आता तिच्या भिंतीपलीकडची बाई. सावित्रम्मा बोद्दुल. नवरा मागावर होता, तो गेला. ही घरी विड्या वळायची. माहेर तिकडं तेलंगणात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि भांडताना दोन्ही. सुंदरम्माला ती 'अक्का' म्हणायची. तिसाहून जास्त वर्षं दोघींच्या मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीला असेल नसेल तेवढं तोंड फुटलेलं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. ज्या दिवशी येईल त्या दिवशी एकीची बादली दुसरीच्या नळाखाली. एकीचं मीठ संपलं तर दुसरीच्या घरात हात. नळावरून दोघी असं भांडायच्या की वाटावं आता पोलीस येणार, आणि पाणी गेलं की एकाच पायरीवर बसून शेंगा सोलायच्या.

शिवपुत्र गेला तेव्हा सुंदरम्मा जागची हलत नव्हती. त्या दिवसांत दानेश्वरी सावित्रम्माच्याच घरी होती. सावित्रम्माच्या घरात मटण शिजतं. तर या बाईनं काय करावं, कुंभारवाड्यातून कोरं मडकं आणलं, मागच्या दारी तीन दगड मांडले, आणि लिंगायताच्या लेकराला वेगळं वरण-भात शिजवून घातलं. आपल्या चुलीवर नाही, आपल्या भांड्यात नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दानेश्वरीनं घरी जाऊन सांगितलं. सुंदरम्मानं ऐकून घेतलं आणि त्या विषयावर कधी चकार शब्द काढला नाही.

आणि आता ज्यावरून हे सगळं झालं ते सांगतो. सुंदरम्माच्या घरी सावित्रम्माला चहा मिळायचा तो एका ठरलेल्या स्टीलच्या गिलासात. कडेला खिळ्यानं एक टिंब मारलेलं. बाकीची भांडी मांडणीत, हा गिलास मोरीजवळच्या फळीवर पालथा. सावित्रम्मा यायची, गिलास स्वतः उतरवायची, चहा झाला की स्वतः विसळून पालथा ठेवायची. ही पद्धत सुंदरम्माच्या सासूची. सासू गेली, गिलास राहिला. उलट सुंदरम्मानं सावित्रम्माच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा कधी घेतला नाही. 'आत्ताच झालंय गं' एवढंच म्हणायची. मठात दर श्रावणात स्वामी सांगायचे की आपल्यात उच्चनीच नाही, आणि पहिल्या रांगेत बसून मान डोलावणाऱ्यांत सुंदरम्मा असायची. तिला त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं वाटलंच नव्हतं. आपल्यापैकी कितीजणांना वाटतं?

गेल्या उन्हाळ्यात सावित्रम्माचा मुलगा, कुमार, भिवंडीत स्थिरावला आणि आईला कायमची घेऊन जायचं ठरलं. घर सोडायचं म्हणजे तिसाहून जास्त वर्षांची उसनवारी फेडायची. सावित्रम्मा रोज काहीतरी परत करायला यायची. चाळणी, खलबत्ता, कधीतरी नेलेली छत्री. असंच एके दुपारी सगळं देऊन झालं, आणि ती दारात उभी राहून हसत म्हणाली,

"आता माझं काय ऱ्हायलंय ते तू दे की, अक्का. तो गिलास. भिवंडीला नेते. तितं कोन वेगळा ठेवनार, आपलाच आपन न्यावा."

टोमणा होता का? सावित्रम्मा म्हणते, नव्हता. तिला खरंच तो गिलास आवडायचा, हातात बसायचा. सुंदरम्मा म्हणते, होता, आणि बरोबर जागी लागला. ती गेल्यावर सुंदरम्मानं चहा टाकला आणि तो गॅसवर आटून पातेल्याला लागला, तरी तिला कळलं नाही.

माफी मागायला कानडीत शब्द आहे, मराठीत आहे, तेलुगूतही असणार. सुंदरम्माला यातल्या एकाचाही सराव नव्हता. जन्मभर दुसऱ्यांचा माल तपासला, स्वतःचा कधी टेबलावर आलाच नाही. पण एक तिला पक्कं कळलं होतं: ही बाई अशीच गेली, तर आपल्या घरातून वेगळ्या गिलासाची बाई म्हणून जाईल, आणि ते मग कधीच पुसता येणार नाही. म्हणून तिनं जे जमतं ते केलं. जेवायला बोलावलं.

तिसाहून जास्त वर्षांत पहिल्यांदा. सावित्रम्मानं नेहमीची चेष्टा केली. येते की जेवायला, म्हणाली. पण आमच्याकडं माणसाची पाठवणी कोरडी करत न्हायत, तिकडं माझ्या माहेरी घागरभर शिंदी असते, तुझ्याकडं काय हाय, ताक?

ही निव्वळ थट्टा होती. पण सुंदरम्मानं आयुष्यभर गिऱ्हाइकाची मागणी आली की ती शब्दाला शब्द पुरवलेली. एवढ्या सुताचा, एवढ्या रुंदीचा म्हटलं की तेवढाच. पाठवणी कोरडी करत नाहीत म्हटलं, म्हणजे कोरडी करायची नाही. मटण तर घरात येणं शक्य नव्हतं. शिंदी हल्ली चांगली मिळत नाही, आणि जी मिळते तीत काय कालवलंय ते देव जाणे. मग राहिलं काय?

तिनं दानेश्वरीला फोन लावला. आधी हवापाणी विचारलं, जेवण विचारलं, आणि मग त्याच आवाजात विचारलं, की सगळ्यात कमी चढणारी दारू कुठली.

दानेश्वरी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला वाटलं, कुणीतरी घरी जाऊन लावालावी केली. तिनं लिंगाची शपथ घेऊन सांगितलं की ऑफिसच्या पार्टीत आपण मोसंबीच्या रसापलीकडं जात नाही. सुंदरम्मा म्हणाली, तुझं नाही विचारत, पाहुण्यांना द्यायचीय. हे ऐकल्यावर पोरीच्या जिवात जीव आला, आणि मग तिनं वाइन या विषयावर असं काही व्याख्यान दिलं, लाल काय, पांढरी काय, गुलाबी काय, गार किती करायची, कशाबरोबर घ्यायची, की न पिणाऱ्या मुलीला हे एवढं कसं ठाऊक, हा प्रश्न सुंदरम्मानं पुढच्या खेपेसाठी बाजूला काढून ठेवला. मुद्दा तिला एवढाच कळला: बाटली घेऊ नकोस, महाग पडते आणि उरली तर वाया जाते. हल्ली कॅन मिळतात, थंड पेयासारखे. लहान असतात, स्वस्त असतात, उघडायला हत्यार लागत नाही. आणि ओतायला ग्लास लागत नाही, तसाच तोंडाला लावायचा.

शेवटचं वाक्य सुंदरम्माला फार म्हणजे फार आवडलं. कारण खरी अडचण तीच होती. घरातल्या गिलासात दारू ओतली तर तो गिलास पुन्हा मांडणीत कसा ठेवायचा? आणि टिंबाच्या गिलासात ओतली तर मग सगळं करून मिळवलं काय? कॅनचं बरं. ना भांडं, ना विसळणं. प्यायली की संपलं.

सोलापुरात दारूची दुकानं का थोडी आहेत? पण प्रत्येक दुकानासमोर आपल्या ओळखीचं कुणीतरी उभं असणार, या भीतीनं बाई एसटीत बसून थेट चिंचोळी एमआयडीसीच्या बाजूला गेली. पदर भुवयांपर्यंत ओढलेला. दुकानाला लोखंडी जाळी, जाळीपुढं पुरुषांची रांग. विभूतीचे पट्टे आणि पिशवी घेतलेली बाई पाहून रांग आपोआप बाजूला झाली. कुणाला वाटलं नवऱ्याला शोधायला आली, कुणाला वाटलं वर्गणीला.

जाळीच्या आत गल्ल्यावर बसला होता गुरु नावाचा तरुण. आणि गुरूच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. दोन पट्टेवाले एकमेकांकडं बघत राहिले. गुरूनं अदबीनं विचारलं, "एन बेकु, अम्मा?" काय हवं म्हणून. सुंदरम्मानं उत्तर दिलं की मला कानडी येत न्हाय. हे तिनं ज्या मराठीत सांगितलं ते ऐकून गुरूला तिचं गाव कळलं असेल, शेजारचा ओढासुद्धा.

वाइनचा कॅन पाहिजे म्हटल्यावर त्यानं चार कॅन ओळीनं मांडले. लाल, पांढरी, गुलाबी, आणि एक बुडबुड्यांची. पुढं जे झालं ते त्या दुकानात कधी झालं नसेल. सुंदरम्मानं एकेक कॅन उजेडाकडं धरला. कडेवरून अंगठा फिरवला, कुठं पोचा आहे का बघितलं. पालथा घालून तारीख वाचली. बुडबुड्यांचा कॅन कानाजवळ नेऊन हलवायला लागली तेव्हा गुरूनं घाईनं तो काढून घेतला. त्याची किंमत सगळ्यांत जास्त, कशाबद्दल म्हणून तिनं विचारलं. बुडबुड्यांबद्दल, तो म्हणाला. म्हणजे हवेचे पैसे, असं म्हणून तिनं तो कॅन नापास केला.

मग ती हिरवा ठिपका शोधायला लागली. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तो, शाकाहारीचा. पुढं नाही, मागं नाही, बुडाला नाही. दारूच्या डब्यावर तो ठिपका नसतो, असं गुरूनं सांगितलं. मग आत काय असतं? द्राक्षं. नुसती द्राक्षं? नुसतीच, अम्मा. कुठली? नाशिककडची. यावर ती जरा नाराज झाली. आमच्या नान्नजकडची द्राक्षं काय वाईट आहेत, असं तिनं त्याला सुनावलं, जणू काही कारखाना त्याचाच. मागं रांगेत माणसं ताटकळलेली, पण एकानं चूं केलं नाही. सुंदरम्मा तपासत असली की माणसं आपोआप गप्प होतात, हे त्या रांगेला न सांगता कळलं होतं.

गुलाबीही नापास झाल्यावर शेवटी लाल आणि पांढरी उरल्या. किंमत सारखी, दोन्ही दोनशेच्या आतल्या. तिनं विचारलं, सांडली तर डाग कुठलीचा पडतो? लालचा. झालं, पांढरी पास. कमी आंबट असेल ती दे म्हणाली. गुरूनं दिली, आणि दोन न्या, गार करून बऱ्या लागतात असं सुचवलं. एकच पुरे, तिनं सांगितलं; पिणारी एक हाय.

मग परवान्याचा कागद. एक दिवसाचा परवाना लागतो, नाव काय लिहू, असं त्यानं विचारलं. स्वतःचं नाव दारूच्या कागदावर? आणि खोटं नाव तिला पटकन सुचेना, कारण सवय नाही. जे पहिलं ओठावर आलं ते तिनं सांगून टाकलं: सावित्रम्मा बोद्दुल.

कॅन पिशवीत, पिशवीवर रुमाल, रुमालावर कोथिंबिरीची जुडी. वळली, तर समोर कोंडीबा. हा तिच्याच कारखान्यातला, मालाचे गठ्ठे वाहायचा. आता चिंचोळीला पहारेकरी आहे. सुंदरम्माला पाहताच त्याला पुन्हा कारखान्यात उभं असल्यासारखं झालं आणि हातातली चपटी त्यानं डब्याच्या पिशवीत सारली.

"बाई, तुमी हितं?"

"औषधाला."

"व्हय," कोंडीबा म्हणाला, "मी बी."

कुणाला सांगणार नाही असं त्यानं तिला दोनदा वचन दिलं. ते त्यानं पाळलं, एसटी सोलापुरात शिरेपर्यंत.

ठरल्या रविवारी दुपार कलल्यावर सुंदरम्मानं गच्चीवर सतरंजी टाकली. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, केली होती, कडक भाकरी, शेंगांची चटणी, वांगं. दोन ताटं, मांडणीतली, एका जोडीची. दोन गिलास, तेही एका जोडीचे. सावित्रम्मा बसली, आणि बोलता बोलता तिनं आपल्यापुढचा गिलास हातात घेऊन गोल फिरवला. टिंब नव्हतं. तिनं तो खाली ठेवला आणि भाकरी मोडली.

अर्धं जेवण झाल्यावर सुंदरम्मानं ओल्या टॉवेलात गुंडाळलेला कॅन काढला. सावित्रम्मानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग हिच्याकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. थट्टेचं असं फळ येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मग सुंदरम्मानं सगळी कथा सांगितली, गुरूची, ठिपक्याची, कोंडीबाच्या औषधाची. परवान्यावर आपलं नाव गेलंय हे कळलं तेव्हा सावित्रम्मा एवढी हसली की तिला ठसका लागला. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर नाव आलं, म्हणाली, ते बी दारूच्या.

कडी उघडायला दोघींनाही येईना. शेवटी सावित्रम्माच्या विडी वळायच्या नखानं ती उचलली. तिनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. आंबट हाय, म्हणाली, पन पावनी म्हनून ग्वाड मानते. आणि कॅन तिनं सुंदरम्मापुढं केला.

सुंदरम्मानं हात जोडले. आपण घेत नाही म्हणाली. तुझ्यासाठी आणलाय. आणि मग, वर, अगदी अभिमानानं तिनं समजावून सांगितलं की म्हणून तर कॅन आणला. गिलासाची भानगड नाही, कशाला लागायचं नाही, तू पी, संपला की टाकून द्यायचा.

सावित्रम्मानं हातातल्या कॅनकडं बघितलं.

"म्हंजी ह्यो बी माझा वेगळा गिलासच की, अक्का. टिंब तेवढं न्हाय."

रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर सुंदरम्मानं भांडून घेतलं असतं, त्याची सवय होती. ती सहज म्हणाली, कॅन कठड्यावर ठेवला, आणि चटणीला तेल थोडं आहे का म्हणून विचारलं.

सुंदरम्मा उठली नाही. तेलही आणलं नाही. नाशिकची द्राक्षं तपासली, तारीख तपासली, पोचा तपासला, डागाचं तपासलं, आणि एवढा मोठा सुटलेला धागा तिला दिसला नव्हता. तिचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. ती खाली मान घालून कानडीत पुटपुटली. सावित्रम्माला कानडी समजतं, एवढ्या वर्षांत भिंतीतून आलेलं. सुंदरम्मा म्हणत होती, हे तुला दाखवत नाही बाबा, ह्याचं काय असेल ते माझ्याकडं.

मग तिनं हात लांब करून कठड्यावरचा कॅन घेतला. बाहेरचं काहीही तोंडाला लावायचं तर आधी पदरानं पुसायचं, ही तिच्या हाताची सवय. पदर हातात आलाही होता. तिनं तो सोडून दिला आणि कॅन तसाच तोंडाला लावला. एक घोट. थांबून आणखी एक.

तिच्या चेहऱ्याचं जे काही झालं ते सावित्रम्मा मला करून दाखवते, पण लिहिता येण्यासारखं नाही.

"कशी हाय?" सावित्रम्मानं विचारलं.

"नापास."

यावर दोघी हसल्या. उरलेली सावित्रम्मानं संपवली, हुग्गीबरोबर, आणि वाइन कशाबरोबर घ्यावी याचं दानेश्वरीनं दिलेलं सगळं ज्ञान तिथं वाया गेलं. थोड्या वेळानं सुंदरम्माचे कान गरम झाले. दोन घोटांनी झाले की बोलायचं होतं त्यानं, ते तिलाही सांगता येत नाही. ती कठड्याकडं बघत म्हणाली, की दानेश्वरीसाठी तू तेव्हा कोरं मडकं आणलं होतंस, मला ठाऊक हाय.

"मग?" सावित्रम्मा म्हणाली. "लेकराला कशात शिजवू?"

एवढंच. त्यापुढं दोघींनी ताटं उचलली आणि खाली नळाला पाणी आलंय का ते बघायला गेल्या.

पुढच्या आठवड्यात सावित्रम्मा भिवंडीला गेली. रिकामा कॅन सुंदरम्मानं वर्तमानपत्रात गुंडाळून घंटागाडीत टाकायला नेला, आणि पिशवी नेमकी गाडीच्या तोंडाशी फाटली. कॅन खणखणत गल्लीच्या उतारावरून गेला, आणि त्याच्यामागं सगळ्या बायांच्या नजरा. कोंडीबाची बातमी तोवर गल्लीच्या तोंडाशी आलेलीच होती; तिला आता पुरावा मिळाला. बाकीचे डबे, खोकी आणि गाणी लोकांनी पदरची घातली.

सुंदरम्मानं काहीच नाकारलं नाही. किराणा दुकानदारानं अंदाज घेत विचारलं तर म्हणाली, व्हय, घेतली होती, तुला पाहिजे काय? दानेश्वरी पुण्याहून चिडून आली, म्हणाली, लोकांना खरं सांगून टाक ना. सुंदरम्मा म्हणाली, खरं सांगायचं तर गिलासापासून सांगावं लागतंय, आणि ते मी आधी सावित्रम्माला सांगितलंय, गल्लीला कशाला? आता मला ते सांगायला तिनं हरकत घेतली नाही, कारण सावित्रम्मानं भिवंडीत एका लग्नात मला अगोदरच सगळं सांगून टाकलं होतं. सुंदरम्मानं फक्त एक दुरुस्ती केली: सावित्रम्मा तीन घोट म्हणते ते चूक, दोनच.

त्या गिलासाचं काय झालं ते मात्र मला कळलेलं नाही. ही म्हणते तिच्याकडं आहे, ती म्हणते हिच्याकडं.

तेव्हा खरं एवढंच आहे. सुंदरम्मा कलशेट्टी दारू पीत नाही. एका रविवारी दुपारी गच्चीवर तिनं पांढऱ्या वाइनचे दोन घोट घेतले. कॅन एकच होता, आणि त्याला आधी सावित्रम्मा बोद्दुलचं तोंड लागलेलं होतं.